तरीच्या हिशेबवहीची मागची पानं

वही पुढून भरते ती तिकिटांची:
माणशी पाच, सायकलचे वेगळे, बकरीला अर्धं.
मागून भरते ती माझी.
दोन्ही हिशेब एकमेकांकडे सरकताहेत.
कुठल्या पानावर गाठ पडेल, सांगता येत नाही.

माघ, अष्टमी. भांगाचं पाणी.
एका ताम्रपटाचा अर्थ वाचला.
राजाने गाव दान दिलंय, चार सीमांसकट:
पूर्वेला वाकडी चिंच,
दक्षिणेला ओढा,
उत्तरेला कुणा गोवर्धनाचं शेत,
पश्चिमेला समुद्र.
बस. समुद्र.
चिंचेचं वाकडेपण ज्याने सोडलं नाही
त्याला इथे एक शब्द पुरला.
गावाची हद्द दिवसातून दोनदा आत येणार, दोनदा बाहेर जाणार,
आणि दान मात्र चंद्रसूर्य असेतो.
साक्षीला चंद्र बोलावला.
हद्द सरकवणारा तोच.

नवमी.
गोवर्धन कोण, याला तळटीप नाही.
शोधली, दोन्ही परिशिष्टांत.
त्याचं शेत कुणाच्या तरी गावाची उत्तर बाजू होतं,
एवढ्या भांडवलावर माणूस नऊशे वर्षं टिकला.
आपण काय काय लिहीत बसतो.

एकादशी.
काही वाचलं नाही. सोळा फेऱ्या.

द्वादशी. धुकं.
एक तत्त्वज्ञ म्हणतो, कुणी पाहत नसेल तर वस्तू नसतेच.
सकाळी तवसाळचा धक्का नव्हता. डोंगर नव्हता.
आमच्याच होडीचं नाक नव्हतं.
इब्राहिम होडेकरला विचारलं, तुझं काय मत.
त्याने विडी विझवली, कान दिला.
‘नाय तर मग बोंब कोण मारतंय?’
पलीकडून खरंच कुणीतरी हाक घालत होतं:
तरी ऽऽ, ओ तरी ऽऽ
आवाजाच्या रोखाने निघालो.
जनाबाय वासावे निघाली. दोन टोपल्या मुळे,
आणि सुटे पाच रुपये नाहीत.
तत्त्वज्ञाच्या पुस्तकात सुट्या पैशांचं प्रकरण नाही.

त्याच दिवशी, रात्री.
तरीला मारायची हाक आणि व्याकरणातलं अव्यय,
शब्द एकच.
धक्का नाही, डोंगर नाही,
तरी.
चाळीस वर्षं हा शब्द कानांवरून गेला
आणि मी तिकिटं फाडत होतो.

पौर्णिमा. उधाण, पायऱ्या पाण्याखाली.
भाषांतरित कादंबरी. चाळीस पानं बर्फ पडतोय.
मी बर्फ पाहिलेला नाही.
मी तिथे मीठ वाचतो: आगरातलं, ढीग घातलेलं, उन्हात डोळ्यांत खुपणारं.
घोडे मिठातून धावतात. म्हातारीच्या पदरावर मीठ साचतं.
कुणी कुणाला सोडून जातं आणि पावलं
मिठात उमटून राहतात, बरीच वर्षं.
चुकत असेन. पण भाषांतरकाराने तरी
सदाशिव पेठेत बसून काय पाहिलं असेल?

चतुर्थी.
ऑडिटर आले, श्री. दिघे. होडी लागली होती, शर्टावर डाग.
वही त्यांनी उलट्या बाजूने उघडली.
मी म्हणालो, साहेब, ते नव्हे.
ते उभ्याने वाचत राहिले.
लाल पेन्सिलीने प्रत्येक पानाला बरोबरची खूण केली:
चिंचेला, धुक्याला, मिठाला.
माझ्या लिहिण्याला मिळालेला हा पहिला अभिप्राय.
फक्त ‘नऊशे वर्षं’खाली रेघ ओढली
आणि समासात लिहिलं:
पावती जोडावी.

पंचमी.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
ओहोटीला गावाची पश्चिम कुठवर जाते ते बघायला
चिखलातून चालत गेलो.
कालवं पायाला कापतात.
एक चप्पल तिथेच राहिली, रुतून.
पाणी चढायला लागलं तसा मागे वळलो.
इब्राहिम काठावरून ओरडत होता, शिव्या घालत.